तेलाचं स्टिअरिंग की करंटवरचं?

कापसाचे पैसे हातात आले की आमच्या आर्वी-कारंज्याकडे जुन्या गाड्यांचा शोध सुरू होतो. शेवटी बहुतेकांसमोर दोनच गाड्या उरतात. एक बोलेरो, तेलाच्या पॉवर स्टिअरिंगची. दुसरी वॅगन-आर किंवा स्विफ्ट, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची. विकणारा दोन्हींबद्दल एकच सांगतो, "पॉवर आहे, भाऊ." पण वेग वाढला की ही पॉवर, म्हणजे स्टिअरिंगचं चाक फिरवायला मिळणारी मदत, कमी होते का, हे कोणी विचारत नाही.

ती कमी व्हायलाच हवी. आठवडी बाजारात गाडी वळवून लावताना चाक एका हातानं फिरावं. समृद्धीवर १२० च्या वेगात तेवढंच हलकं राहिलं, तर शिंक आली तरी गाडी लेन सोडेल.

दोन्हीत चाकाच्या दांड्याखाली एक बारीक, पिळली जाणारी सळई असते. तेलाच्या प्रकारात ती पिळली की व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचं तेल रॅकला (पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला) ढकलतं. तेलाचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो, त्यामुळे त्याला इंजिनचे फेरे कळतात, गाडीचा वेग नाही. म्हणून साध्या तेलाच्या स्टिअरिंगला पार्किंग आणि हायवे यांत मधलंच काहीतरी गाठावं लागतं. दोष तेलाचा नाही म्हणा. सिट्रोएननं १९७० च्या एसएम गाडीत वेगानुसार जड होणारं तेलाचंच स्टिअरिंग दिलं होतं. आपल्या बजेटात ते येत नाही, एवढंच.

इलेक्ट्रिकमध्ये सळईचा पीळ सेन्सर मोजतो, गाडीचा वेगही कंट्रोलरला कळतो, आणि तो मोटरला किती जोर लावायचा ते सांगतो. उभ्या गाडीत भरपूर, वेगात थोडा. सरळ रस्त्यावर मोटर जवळपास बसूनच असते, म्हणून पेट्रोलही थोडं वाचतं.

मग तेलाची गाडी घ्यायचीच कशाला? पांदण रस्त्यासाठी. खड्ड्याचा दणका तेल बराचसा पिऊन टाकतं, हाताला झटका कमी बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चाकोरीत टायर अडकला आणि तुम्ही चाक या टोकाहून त्या टोकाला फिरवत राहिलात, तर इलेक्ट्रिक मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला जोर कमी करते. चाक अचानक जड लागतं. थंड झाली की पूर्ववत. तेलाच्या गाडीतही चाक टोकाला दाबून धरू नका, पंप ओरडतो आणि तेल तापतं.

बिघाडाचं म्हणाल तर बेल्ट, होस, सील तालुक्याला मिळतात. इलेक्ट्रिकचा डॅशबोर्डवरचा दिवा लागला की स्कॅनरवाला शोधा. बॅटरी उतरली, टर्मिनल ढिलं झालं किंवा उंदरानं वायर कुरतडली (गोठ्याशेजारी गाडी उभी करणाऱ्यांना हे सांगायला नको), तरी स्टिअरिंग जड होऊ शकतं. मदत गेली तरी दोन्ही प्रकारांत गाडी वळते, फक्त दंडाचा घाम निघतो.

रोज शेत, मजूर, खताची पोती असतील तर मी तेलाची घेईन. महिन्यातून चार वेळा नागपूर, तेही समृद्धीवरून, असेल तर इलेक्ट्रिक, आणि त्यात फार विचार करणार नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा तेलाच्या गाडीत बेल्ट, स्टिअरिंगच्या टाकीतल्या तेलाचा रंग आणि रॅकजवळची ओल पाहा. इलेक्ट्रिकमध्ये चावी ऑन केल्यावर स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, ते बघा. दिवा मुळात लागतच नसेल, तर कोणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो.