ब्रॅम्प्टनची ट्रक शाळा: फी कुठे वसूल झाली, कुठे नाही

कॅनडात येऊन ट्रक चालवायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मी फलटणचा. तिकडे दहा चाकी चालवायचो, बहुतेक पुणे-बेंगळुरू हायवेवर. बायको नर्स आहे. तिच्या पीआरमुळे (इथे कायम राहायचा परवाना) आम्ही ऑंटारियो प्रांतात आलो आणि मी टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एका शाळेत एझेडचा कोर्स केला. ए म्हणजे ट्रॅक्टर-ट्रेलरचा वर्ग, झेड म्हणजे एअर ब्रेक. शाळेचं नाव देत नाही, कारण या धंद्यात शाळा म्हणजे शिकवणारा माणूस, आणि तो सहा महिन्यांत दुसऱ्या शाळेत गेलेला असू शकतो. मला काय मिळालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही कुठल्याही शाळेत चौकशीला गेलात तरी नेमकं काय विचारायचं ते कळेल.

गावाकडचा ट्रकचा अनुभव इथे ए वर्गासाठी धरत नाहीत. लायसन्स खरं असल्याचं पत्र आणलं आणि दोन वर्षांहून जास्त अनुभव दाखवता आला तर कारच्या जी लायसन्सची शेवटची परीक्षा थेट देता येते, तेवढाच त्याचा फायदा. पूर्ण जी हातात आल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मग डॉक्टरांचा रिपोर्ट, डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षा, आणि सक्तीचं ट्रेनिंग, ज्याला इथे सगळे मेल्ट म्हणतात. ऑंटारियोत १ जुलै २०१७ पासून ते कमीत कमी १०३.५ तासांचं आहे: ३६.५ तास वर्गात, १७ तास यार्डात, ५० तास ट्रकमध्ये. रोड टेस्ट त्यानंतरच.

आमच्या बॅचमधले बरेच जण हे तास कधी एकदा संपतात याची वाट बघत होते. मला त्याचं वाईट वाटायचं. आठ हजार डॉलरच्या आसपास फी भरून जी वस्तू मिळते ती हे तासच आहेत. कमी फीच्या शाळाही आहेत, पण तिथे पहिला प्रश्न हा विचारा: ट्रकमध्ये एका वेळी किती विद्यार्थी बसवता, आणि स्टिअरिंग माझ्या हातात किती वेळ असेल? मागच्या सीटवर बसून बघितलेला तास मी माझा तास मानत नाही. आमच्याकडे हे चोख होतं. प्रत्येकाची वही होती आणि चालवून झाल्यावर तिथे सही व्हायची.

खरा पैसा वसूल झाला तो रिव्हर्समध्ये. गावाकडे गाडी मागे घेताना क्लीनर मागे उभा राहून बॉडीवर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचा. इथे क्लीनर नाही. मागे ५३ फुटांचा ट्रेलर, आणि त्याचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवायचं. ड्रायव्हर बसतो डाव्या बाजूला, त्यामुळे उजवीकडे मागे घेताना ट्रेलर वळला की आरशात फक्त त्याची भिंत दिसते. आमचे शिक्षक जालंधरकडचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना पाजी म्हणायचे. त्यांचा एकच नियम होता: शंका आली की ब्रेक लावा, खाली उतरा, चालत मागे जाऊन बघा. दहा वेळा उतरलात तरी चालेल. कुणी घाईत न उतरता मागे घेतलं तर ते त्याला परत पहिल्या ट्रॅफिक कोनपासून सुरू करायला लावायचे. कधी आवाज चढवला नाही. वेळ संपली तरी ज्याचं जमत नाही त्याला थांबवून घ्यायचे. या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

ट्रेलर जोडणं-सोडणंही त्यांनी असंच घोटून घेतलं. किंगपिनभोवती (ट्रेलरखालची खुंटी, जिने तो ट्रॅक्टरला अडकतो) लॉकचा जबडा नीट बसला का, हे टॉर्च मारून डोळ्यांनी बघायचं, मग ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रॅक्टर हलका पुढे ओढून बघायचा. दोन्ही झाल्याशिवाय लँडिंग गिअर, म्हणजे ट्रेलरचे टेकू पाय, वर घ्यायचं नाही.

एअर ब्रेकची तपासणी हा भाग आपल्याकडच्या ड्रायव्हरला नवा वाटेल. आपण सकाळी टायरवर टॉमी मारून बघतो आणि निघतो. इथे रोजची तपासणी कायद्यात आहे, रिपोर्ट गाडीत ठेवावा लागतो आणि तो २४ तासच चालतो. इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल दाबत हवा उतरवायची. दाब ५५ पीएसआयच्या खाली जायच्या आत वॉर्निंग वाजली पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने लागणारे) आपोआप लागले पाहिजेत. परीक्षेत हे नुसतं करून भागत नाही, करताना मोठ्याने बोलून सांगावं लागतं, तेही इंग्रजीत.

इथे शाळा कमी पडली. वर्ग निम्मा पंजाबीत, निम्मा हिंदीत चालायचा. समजायला सोपं गेलं, पण तोंडाला सवय झाली नाही. मी घरी बायकोसमोर उभा राहून सगळी तपासणी इंग्रजीत म्हणायचो. तुम्हीही तसंच करा. अमेरिकेच्या फेऱ्या करायच्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं. जून २०२५ पासून तिकडे रस्त्यावरच्या तपासणीत ड्रायव्हरला इंग्रजी बोलता-वाचता येत नाही असं आढळलं तर त्याला जागेवरच थांबवतात. शिवाय भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो, पीआर असला तरी.

वर्गातले तास बरेचसे स्लाइड वाचण्यात गेले. अपवाद एका दिवसाचा. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतात एक ट्रक, ‘स्टॉप’चा बोर्ड असूनही न थांबता, आडवा आला आणि हम्बोल्ट गावाच्या हॉकी खेळणाऱ्या मुलांची बस त्याच्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. ट्रक चालवणारा तरुण भारतातून आलेला, या कामात अगदी नवा, कंपनीत त्याला मिळालेलं ट्रेनिंग दोन आठवड्यांचं. त्या अपघातानंतरच पश्चिमेकडच्या प्रांतांनी सक्तीचं ट्रेनिंग आणलं. पाजींनी त्या चौकाचा नकाशा फळ्यावर काढला आणि कुठून काय दिसत होतं ते एकेक करून दाखवलं. त्यानंतर तास लवकर संपवण्याची भाषा बॅचमध्ये कुणी केली नाही.

दोन गोष्टी प्रवेश घेतानाच विचारून घ्या. पहिली, मॅन्युअल ट्रक आहे का. जुलै २०२२ पासून ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तशी अट येते आणि मॅन्युअल चालवता येत नाही. आमच्या शाळेत मॅन्युअल एकच होता, त्यासाठी रांग लागायची. दुसरी, बर्फ. मी उन्हाळ्यात शिकलो, त्यामुळे हिवाळ्याचं ड्रायव्हिंग फक्त कागदावर झालं. जमत असेल तर नोव्हेंबरनंतरची बॅच घ्या.

सगळ्यात निराशा झाली ती नोकरी मिळवून देण्याच्या मदतीची. प्रवेश घेताना त्यावर बराच भर होता. प्रत्यक्षात ज्या दोन ठिकाणी पाठवलं, तिथे आधी स्वतःची कंपनी काढ, मग पगाराऐवजी बिल लाव, असं सांगितलं. याला इथे ड्रायव्हर इंक म्हणतात. हातात रक्कम मोठी दिसते, पण सुट्टीचा पगार नाही, बेकारी विमा नाही, पेन्शनचे दोन्ही हिस्से आपल्याच खिशातून, आणि टॅक्स खात्याने पकडलं तर मागचा हिशोब आपल्याच गळ्यात. ट्रक त्यांचा, कामाच्या वेळा त्यांच्या, तर आपण नोकरच. मी दोन्हीकडे नाही म्हटलं. घरी बायकोचा पगार होता म्हणून म्हणू शकलो, ज्यांचा नव्हता त्यांनी सही केली.

नवीन एझेडला काम मिळणं अवघड जातं, कारण कंपनीचा विमा बहुतेकदा दोन वर्षांचा अनुभव मागतो. तरी नवीन माणसाला अनुभवी ड्रायव्हरबरोबर बसवून तयार करणाऱ्या कंपन्या आहेत. मला तशीच मिळाली, पगार टी-४ वर (नोकराला कंपनी देते ती पगाराची टॅक्स स्लिप), फेऱ्या मॉन्ट्रियलच्या. फोनवर त्यांना तीनच गोष्टी विचारल्या होत्या: टी-४ देता का, सोबत शिकवणारा ड्रायव्हर किती आठवडे असेल, आणि डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या जागी) थांबावं लागलं तर त्या वेळेचे पैसे मिळतात का. तिसऱ्याचं उत्तर त्यांनी लेखी पाठवलं, तेव्हा मी होकार दिला.