टीटीला लाल कॉइल आणि थंड प्लग: बरेच महिने चालवल्यावर

ऑडी टीटीचे स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे) आणि इग्निशन कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणाऱ्या) बदलले, त्याचा हा अनुभव. आधी निकाल सांगून टाकतो. प्लगचे पैसे वसूल, कॉइलचे अर्धेमुर्धे, आणि 'याने पॉवर वाढते' ही निव्वळ थाप.

गाडी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, २.० टीएफएसआय, मूळ ताकद २०० पीएस (अश्वशक्ती). सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने स्टेज १ मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सॉफ्टवेअर) टाकलेला, म्हणजे टर्बोचा बूस्ट (हवा दाबून भरण्याचा दाब) मुळापेक्षा जास्त. शहरात काही जाणवायचं नाही. संध्याकाळी पुण्यात कर्वे रोडवर रिक्षा आणि टीटी एकाच वेगाने सरकतात. पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला तिसरा गिअर धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की तीन हजार आरपीएमच्या आसपास गाडी मिसिंग मारायची (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटल्याने झटके द्यायची) आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. हा दिवा नुसता पेटला तर घरापर्यंत येता येतं. लुकलुकला तर लगेच पाय काढायचा. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो बदलण्याच्या खर्चात चार कॉइल सहज बसतात.

हे नेमकं बूस्टमध्येच का होतं? सिलिंडरमध्ये हवा जितकी दाबून भरलेली, तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतो. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते, कॉइलचं रबर उष्णतेने कडक झालेलं असतं. मग वीज फटीऐवजी सोपी वाट शोधते. माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर ती वाट दिसतच होती: पांढऱ्या पोर्सिलेनवर वरून खाली उतरलेली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ, आणि कॉइलच्या रबरात आतून तिचाच जोड. पोर्सिलेनच्या बुडाशी तपकिरी वलय दिसलं तर मात्र घाबरू नका. ते उच्च व्होल्टेजमुळे चिकटलेल्या तेलकट कणांचं असतं, पुष्कळ चांगल्या प्लगांवरही येतं.

गॅरेजवाल्याचं मत ठरलेलं होतं, "साहेब, चारही कॉइल बदलून टाकू." आधी अदलाबदल करू म्हटलं. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकली. पी०३०३ (तिसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा फॉल्ट कोड) जाऊन पी०३०१ (पहिल्याचा) आला. म्हणजे कॉइल गेलेली, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर नाही. लॅपटॉप जोडून मेजरिंग ब्लॉक (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकड्यांचे गट) १५ आणि १६ मध्ये कोणता सिलिंडर किती मिस करतोय ते चालत्या गाडीत दिसतं (लॅपटॉप बघायला शेजारी माणूस हवा). या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना थरथर असेल, तर इग्निशनवर खर्च करण्याआधी तो कार्बन बघा.

प्लग घेतले एनजीके बीकेआर७ईआयएक्स, इरिडियम. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड (टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा), म्हणजे ६ च्या जागी ७. फट ०.७ मिमी ठेवली, फट मोजायचं फिलर गेज लावून. वाकवायचा तो बाहेरचा इलेक्ट्रोड. मधल्या इरिडियमच्या बारीक टोकाला गेजने रेटलं की तो मोडतो. इंजिन पूर्ण गार असताना, ३० न्यूटन मीटरला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावून बसवले. इंजिनचं डोकं (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमचं आहे, 'हाताच्या अंदाजाने' हा प्रकार इथे नको. वर अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) फासायचा आग्रह धरणारे भेटतात. प्लगच्या आट्यांवर कंपनीचंच प्लेटिंग असतं. त्यावर ग्रीस लावलं तर त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो.

कॉइल ऑडीच्याच आर८ स्पोर्ट्स कारच्या, लाल टोपीच्या. मुळच्या जागी सरळ बसतात, वायरिंगला हात लावावा लागत नाही. पण कनेक्टरच्या लॉकचं प्लॅस्टिक इतक्या वर्षांत बिस्किटासारखं ठिसूळ होतं. माझं एक तुटलंच. गरम इंजिनवर घाईने ओढू नका. लाल टोपीच्या नकला ऑनलाइन धो धो मिळतात. निम्म्या किमतीचा जो सेट मी हातात घेऊन पाहिला तो वजनाला हलका होता आणि पार्ट नंबरची छपाई पुसट. तो परत केला.

फरक? चढावरचे झटके गेले. उन्हाळ्यात, भर पावसात ताम्हिणीत, कुठेही परत नाही. पण खरं सांगायचं तर प्लग बदलून गेलेल्या कॉइलच्या जागी चांगली कॉइल टाकली तेव्हाच हे जवळपास साधलं होतं. लाल सेट नंतर आला. त्याने फुल बूस्टला मेजरिंग ब्लॉकमधले मिसिंगचे उरलेसुरले आकडे शून्यावर आणले, बस्स. पिकअप तोच, ॲव्हरेज तोच. ठिणगी पडत असेल तर मिश्रण पेटतं. जास्त जोरकस ठिणगीने ते जास्त पेटत नाही.

थंड प्लगची किंमत शहरात मोजावी लागते. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की काजळी स्वतःच जळते. डेक्कन ते लक्ष्मी रोड अशा रांगण्यात ते तितकं तापत नाही. मधे एकदा काढून पाहिले तर टोकं काळसर होती. कात्रजच्या पुढे हायवेला तासभर नेऊन आणल्यावर पुन्हा फिकट. गाडी फक्त पेठांत आणि ऑफिसला जात असेल, मॅपही मूळचाच असेल, तर ६ नंबरचेच प्लग घ्या, गेलेली एकच कॉइल मूळ पार्ट नंबरची आणा आणि उरलेल्या पैशांत टायर बघा.

पेट्रोल मी आधीपासून ९५ ऑक्टेनचंच भरतो, तिथे काही बदललेलं नाही. प्लगचा पुढचा सेट याच नंबरचा आणून ठेवलाय. कॉइलला आता हात लावणार नाही.