अकरावी विज्ञान: इंटिग्रेटेड घ्यावं की अनुदानित कॉलेज आणि मोफत प्रशिक्षण?

आधी परीक्षा ठरवा, कॉलेज नंतर. राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, एमएचटी-सीईटीचा, पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट 200 गुणांचा. उणे गुण नाहीत आणि साधारण 80 टक्के प्रश्न बारावीचे, 20 टक्के अकरावीचे. राज्यातल्या इंजिनिअरिंगपुरताच विचार असेल, तर इंटिग्रेटेडसाठी, म्हणजे कॉलेजला जोडलेल्या खासगी क्लाससाठी, कर्ज काढू नका. देशपातळीवरच्या जेईई (इंजिनिअरिंग) आणि नीट (मेडिकल) मध्ये चुकीच्या पर्यायाला एक गुण कापला जातो आणि अकरावीचा वाटाही मोठा असतो. तिथे उशिरा सुरुवात केलेली भरून निघत नाही.

इंटिग्रेटेडमध्ये कॉलेज आणि क्लास एकाच छताखाली. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, चाचण्या नियमित होतात. पण चांगले शिक्षक बहुधा टॉप बॅचलाच मिळतात. फी भरणारी बाकीची मुलं मागे राहतात. म्हणून प्रवेशाआधीच विचारा: बॅच कोणत्या निकषावर, ती किती महिन्यांनी बदलते, प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी? बोर्डात भौतिक, रसायन, जीवशास्त्राला प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. कॉलेज आणि क्लासच्या पावत्या वेगळ्या घ्या, फी हप्त्यांत भरा. मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी, असं केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पावती नसेल तर मागणार कशाच्या आधारे?

अनुदानित तुकडीची फी परवडते. त्याच कॉलेजात विनाअनुदानित तुकडीही असते, म्हणून पसंतीक्रम भरताना प्रकार तपासा. जोडीला महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे: ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीतल्या नॉन-क्रीमीलेअर विद्यार्थ्यांना, टॅब आणि इंटरनेट डेटासह. अर्जाची मुदत दहावीनंतर थोडेच दिवस असते. इतर कोणालाही आयआयटी कानपूरचं 'साथी' हे ऑनलाइन तयारीचं व्यासपीठ मोफत वापरता येतं.

अनुदानित कॉलेज आणि मोफत प्रशिक्षणाचा हा मार्ग फसतो तो शिकवण्यामुळे नव्हे. एसटीने दमून आलेलं मूल संध्याकाळचा तास बुडवतं, शंका साठत जातात आणि पूर्ण पेपर कधीच सोडवला जात नाही. कॉलेजच्या शिक्षकांकडून आठवड्याला शंकांचा एक तास मागून घ्या. चार-पाच मुलांनी मिळून मागितला तर सहसा मिळतो. रविवारी घड्याळ लावून पेपर: 90 मिनिटं भौतिक-रसायन, पुढची 90 गणित. सीईटीसाठी एवढी शिस्त पुरते. नीट किंवा जेईईसाठी मात्र घरी शांत जागा आणि शंका सोडवणारं माणूस, दोन्ही असतील तरच हा मार्ग धरा. नसतील आणि एखाद्या इंटिग्रेटेडमध्ये चाचणीवर फीमाफी मिळत असेल, तर ती घ्या.

कोणताही मार्ग घ्या, राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव कॉलेजमार्फत वेळेत पाठवा. गुण असूनही जागा जाते ती बहुतेकदा इथे, आणि यात भरडली जातात ती ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात चाललंय अशी मुलं. आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी शोधायला महिने जातात. हे काम अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा.