रोजचा प्रयोग की परंपरेची स्वतःची तिथी?

जिवंत परंपरा पर्यटकांपुढे आणण्याचे ठळक मार्ग दोन: रोज ठरल्या वेळी तिकीट लावून प्रयोग, नाहीतर परंपरेच्या स्वतःच्या तिथीला मोजक्या पाहुण्यांना प्रवेश.

प्रयोगातून कलाकारांना वर्षभर मिळकत होऊ शकते, ही लहान गोष्ट नाही. पण तासाभरात बसवताना विधी कापले जातात आणि वेळापत्रक हळूहळू सहल कंपन्यांच्या हाती जातं. तिथीला परंपरा आपल्या गतीने चालते. पैसा मात्र मोसमी, आणि गर्दी आवरली नाही तर भाविकच कडेला ढकलले जातात.

बालीतला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. १९७१ च्या चर्चासत्रात तिथे नृत्यांचे तीन वर्ग ठरले: 'वाली' पवित्र, 'बेबाली' विधींना जोडलेली, 'बालिह-बालिहान' करमणुकीची. पर्यटकांसाठीचे प्रयोग तिसऱ्या वर्गातले. व्यवहारात रेषा पुसट होते, तरी ती स्थानिकांनी आखली हे मोलाचं. युनेस्कोचा २००३ चा अमूर्त (नृत्य, विधी अशा वस्तुरूप नसलेल्या) वारशाचा करारही समुदाय ज्याला आपला वारसा मानतो त्यालाच वारसा म्हणतो.

माझा कौल तिथीला. प्रयोगही असोत, पण काय दाखवायचं नि काय राखून ठेवायचं ते कलाकारांनी ठरवावं, आणि तिकिटातला वाटा नव्या शिष्यांच्या तालमीला मिळावा.