कैलास मानसरोवरच्या नावाखाली 4,36,000 ची टोपी

आईबाबांच्या कैलास मानसरोवरसाठी दोघांचे मिळून 4,36,000 रुपये एका यात्रावाल्याला दिले आणि ते काठमांडूच्या पुढे गेलेच नाहीत. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. "एवढे शिकलेले असून फसलात कसे" विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, 2025 ला पाच वर्षांनी यात्रा उघडली, परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत जागा फक्त 750, लॉटरीत नंबर लागला नाही, मग माणूस प्रायव्हेटकडेच जाणार ना? ऑफिस होतं, जीएसटी नंबर होता, ओळखीतल्यांनी त्याच्याकडून चारधाम केलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, आधी बुकिंग अमाउंट, मग "आज भरलं तर सीट पक्की", मग सगळी रक्कम कुणाच्यातरी सेव्हिंग खात्यावर. ते सोडा. माझी झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. निघायच्या आधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकली, "अभिनंदन, व्हिसा झाला", दोघांची दोन वेगळी पानं, फोटो, लाल शिक्का. आणि दोघांचे पासपोर्ट माझ्या कपाटात, लाईट बिलांच्या फाईलखाली! नेपाळमार्गे तिबेटात जायचं तर ग्रुप व्हिसा लागतो, बॅचची नावं एकाच कागदावर, आणि तो काढायला ओरिजिनल पासपोर्ट काठमांडूत द्यावे लागतात. पासपोर्ट घराबाहेर पडला नाही आणि व्हिसा झाला? विचारलं होतं हो मी. "आता सगळं ऑनलाईन आहे साहेब." त्या 'साहेब'नेच घात केला.

काठमांडूत "चीनने बॉर्डर बंद केली" सांगून गाईड गायब, फोन बंद. हॉटेलचं बिलही भरलेलं नव्हतं, 18,400 बाबांनी दिले, परतीची तिकिटं 31,260. टोटल 4,85,660.

मग सुरू झाली सरकारी वारी. दूतावासात फोन केला तर म्हणे हा तुमचा आणि कंपनीचा व्यवहार. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर म्हणे पैसे तुम्ही राजीखुशीने पाठवलेत, सायबर फ्रॉडमध्ये बसत नाही. पोलीस स्टेशनला साहेब जेवायला गेलेले, आले तर "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा", दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, "गुन्हा नेपाळात घडलाय, तिकडे करा". अहो पैसे इथून गेले, खोटा व्हिसा इथे पाठवला, मग नेपाळ कुठून आलं? बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 318 म्हणजे जुनी फसवणुकीची 420, आणि बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, एफआयआर घ्यावीच लागते. हे मी त्यांना सांगायचं! तरी हातात काय, तर अर्जावर पोचचा शिक्का.

बिलात टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, नसेल तर तिथूनच उठा. परदेशी टूर पॅकेजवर तो घ्यावाच लागतो, आमचा तेव्हाच्या 5 टक्क्यांनी 21,800 झाला असता, हा म्हणाला "तुमचे वाचवतो", आम्ही खूश. अरे तो पैसा रिटर्न भरताना वळता होतो आणि 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावरच्या आयकर खात्याच्या नोंदीत, दिसतो, म्हणून तर चोराला नको असतो. सेव्हिंग खात्यावर एक रुपया टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, आईने रागाने केलं, बाबांच्या फोनमधलं वाचलं.

ग्राहक आयोगात मात्र आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही. आम्ही ऑनलाईन टाकली, वकील न घेता. आमच्या बॅचमधले बाकीचे "देवाच्या नावाने गेले" म्हणून गप्प बसलेत. त्याच कायद्याच्या कलम 35 खाली आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांची एकच तक्रार करता येते, निदान बँकेचे स्टेटमेंट तरी द्या रे, तेही कुणी देत नाही.