चर्चच्या कमानीखाली कॉफी: कोइंब्राचं कॅफे सांता क्रूझ

पोर्तुगालमधल्या कोइंब्राला महिनाभर राहिलो. मी वसईचा कॅथलिक, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर हौस एकच: आमच्याकडे आलेल्या जुन्या पाद्र्यांचा माग काढायचा. त्यातले कितीतरी याच गावातून निघालेले. येशुसंघाचं, म्हणजे जेझुइट पाद्र्यांचं, कॉलेज इथे १५४२ साली सुरू झालं. विद्यापीठ त्याहून जुनं, १२९० चं. लिस्बनहून १५३७ मध्ये कायमचं इथे आलं ते डोंगरमाथ्यावर. सकाळभर वर दफ्तरखान्यात जुनी अक्षरं लावत बसायचं आणि डोळे बोलू लागले की ‘केब्रा कोश्ताश’च्या पायऱ्या उतरायच्या. नावाचा अर्थ ‘पाठमोड’. माझी पाठ साक्षीला आहे.

खाली सांता क्रूझ चर्चच्या भिंतीला भिंत लावून हे कॅफे. मुळात हेही चर्चच, सोळाव्या शतकातलं. १८३४ मध्ये पोर्तुगालनं पुरुषांचे मठ बरखास्त केले. पुढे इथे दुकान झालं, पोलीस आले, बंबवाले आले, आणि १९२३ पासून कॉफी. वर दगडी कमानींचं जाळं, खाली संगमरवरी टेबलं. पहिल्या दिवशी माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, क्रूस करायला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारबुवा पेपर वाचत होते. हात तसाच टोपीकडे नेला.

मागवावं काय, तर ‘मेया द लेइत’, म्हणजे अर्धी कॉफी अर्धं दूध. आपल्या जिभेला जुळते. सोबत इथला खास गोड पदार्थ ‘क्रूझियो’. शेजारच्या मठातल्या साधूंना क्रूझियो म्हणत, त्यांचं नाव. आत अंडं आणि बदाम, गोडी भरपूर. एक पुरतो, मी दोन खाल्ले आणि रात्री जेवलो नाही. बिल मागताना ‘पगार’ हा शब्द कामाला येतो, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पैसे देणं. आमच्याकडे पगार येतो, इथे जातो, एवढाच फरक.

पैशांवरून आठवलं. गावातल्या दुसऱ्या एका खानावळीत न मागता पाव आणि ऑलिव्ह पुढ्यात आले. पाहुणचार समजून मी सगळं संपवलं, आणि ते बिलात निघालं. इथली रीतच आहे ती. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी रागावत नाही.

संध्याकाळी कॅफेत कधी कधी फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, होतं. कोइंब्राचं फादो परंपरेनं पुरुषांचं, काळी झूल पांघरलेल्या विद्यार्थ्यांचं. जुन्या रीतीप्रमाणे त्याला टाळ्या नाहीत, घसा खाकरून दाद द्यायची. मी मोठ्यानं खाकरलो. पर्यटक टाळ्या वाजवत होते. पुढच्या बाकावरच्या बाईंनी माझ्याकडे पाणी सरकवलं.

एकदा चष्म्याचं घर टेबलावर विसरलो. दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत वेटरनं काउंटरखालून काढून दिलं. हरवलेल्या वस्तूंचे संत अंतोनी तरुणपणी शेजारच्याच मठात होते. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातल्या) साधूंच्या अस्थी इथे आणल्या, त्या पाहून ते फ्रान्सिस्कन झाले. आई असती तर चष्म्याचं श्रेय वेटरला अजिबात दिलं नसतं.

चर्चमध्ये कॉफी विकतात याचं वाईट वाटलं का, असं घरी फोनवर बायकोनं विचारलं. वाटेल असं मलाही वाटलं होतं. पण वसईच्या किल्ल्यातलं आमचं सेंट अंतोनीचं चर्च डोळ्यांपुढे आलं. तिथे जमिनीत पोर्तुगीज थडग्यांचे दगड आहेत, वर आभाळ, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. इथे दुकानदार आणि बंबवाले राहून गेले म्हणून छप्पर शाबूत आहे. माझ्यातला कॅथलिक अजून थोडा कुरकुरतो, पण इतिहासवाला दुसरी कॉफी मागवतो.

जाणार असाल तर बाहेरच्या चौकातल्या खुर्च्यांवर बसू नका, आत या. आणि आधी शेजारच्या चर्चमध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो हेन्रिकेशची कबर बघून घ्या. क्रूझियो खाल्ल्यावर उठवत नाही.