जीसीसी १३ वरून थेट १५: आठ महिन्यांचा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी वाचनालयासाठी मी जुन्या कागदांचं स्कॅनिंग करतो. त्याला लागणारी चाळीसेक ओपन सोर्स पॅकेजं घरीच बिल्ड करतो, म्हणजे मूळ कोडवरून चालणारे प्रोग्रॅम बनवतो. त्यासाठी लागणारा सी भाषेचा कंपाइलर (कोडचा प्रोग्रॅम करणारं टूल) म्हणजे जीसीसी. गेल्या जूनमध्ये त्याच्या आवृत्ती १३ वरून सरळ १५ वर आलो.

पहिल्याच रात्री अकरा पॅकेजं अडली. (उन्हाळ्यात इथे दिवसा मशीन इतकं तापतं की बिल्ड रात्रीच लावतो.) मे २०२४ च्या जीसीसी १४ पासून आधी डिक्लेअर (घोषित) न केलेलं फंक्शन वापरलं की वॉर्निंग नाही, थेट एरर येते. मला हे पटतं. सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने ही सवलत काढलीच होती. शिवाय असं फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत करत असेल, तर कंपाइलर त्याला इंट (३२ बिटांचा पूर्णांक) समजतो आणि ६४ बिटांतले वरचे ३२ हरवतात. एप्रिल २०२५ च्या १५ मध्ये सी२३ हे सी भाषेचं नवं मानक डिफॉल्ट झालं. तिथे बूल (खरं-खोटं साठवणारा प्रकार) हा कीवर्ड, म्हणजे राखीव शब्द आहे, म्हणून टाइपडेफने स्वतःच बूल नावाचा प्रकार केलेला जुना कोड अडतो. फंक्शनचे रिकामे कंस म्हणजेही आता ‘आर्ग्युमेंट नाहीत’. सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत) जीएनयू१७ हे आधीचं मानक दिल्यावर सात पॅकेजं लगेच झाली. उरलेल्या चारांत राहून गेलेली हेडर (फंक्शनं डिक्लेअर करणाऱ्या फाइली) जोडली आणि ते पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मूळ प्रकल्पांना पाठवले.

खरा घोर लावला तो न अडलेल्या पॅकेजने. चित्रं उघडण्याचं एक टूल बिनतक्रार बिल्ड झालं आणि तीन आठवड्यांनी कळलं की मोडी कागदांच्या टिफ फाइली त्यात उघडतच नाहीत. बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून तपासते ती कॉन्फिगर स्क्रिप्ट. तिच्यातल्या हाताने लिहिलेल्या चाचणीत मेन या फंक्शनच्या आधी इंट नव्हतं आणि एक्झिट या फंक्शनसाठी हेडर नव्हतं. चाचणीच कंपाइल झाली नाही, स्क्रिप्टने ‘टिफ नाही’ असं धरलं आणि पुढे गेली. ही एरर पडद्यावर येत नाही, कॉन्फिग डॉट लॉगमध्ये पडून राहते. ऑटोरीकॉन्फने स्क्रिप्ट नव्याने बनवूनही भागलं नाही, कारण ती ज्यावरून बनते त्या कॉन्फिगर डॉट एसी फाइलीतच चाचणी तशी लिहिलेली होती.

तेव्हापासून दोन्ही कंपाइलरांनी कॉन्फिगर चालवतो आणि निकालांचा डिफ (फरक) बघतो. जुन्यात ‘येस’ आणि नव्यात ‘नो’ दिसलं की ते पॅकेज तिथेच थांबवतो. अशी आणखी दोन सापडली. एकाचा पॅच स्वीकारला गेलाय. दुसरं अजून १३ वरच बिल्ड करतोय.